मुद्दाम चुकवलेला दात

भाचीच्या कारखान्यात रुग्ण नेणाऱ्या हेलिकॉप्टरच्या नव्या दातेरी चक्राची तपासणी चालली होती. पडद्यावर एका दाताची कड मोठी करून दाखवलेली. टोकाशी जराशी आत वळलेली. मी लगेच अक्कल पाजळली, "वैदू, हा दात झिजलाय गं. परत पाठव."

"मामा, मुद्दाम घासलाय तो! भार पडला की दात वाकतात. अगदी अचूक ठेवले तर समोरच्या दातांवर आपटतात आणि किंचाळतात."

त्या किंचाळण्यात हेलिकॉप्टरमधल्या रुग्णाचं कण्हणं डॉक्टरला ऐकूच येत नाही. वैदूचा सगळा खटाटोप त्यासाठी.

घासलंय तेही केसाच्या जाडीहून कमी! भार येईल तेव्हा बरोबर ठरावं म्हणून आधी थोडं चुकून ठेवायचं. मीही जन्मभर चुकत आलो, पण इतका विचार करून एकदाही नाही.

सकाळी चाचणीच्या यंत्रावर जुनं चक्र फिरत होतं तेव्हा वैदूच्या कानाशी ओरडावं लागलं होतं. तपासणी संपल्यावर तिथं नवं चक्र फिरायला लागलं, त्यावर पूर्ण भार चढला आणि मी सवयीनं बोंबललो, "जमलं का गं?"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. वैदूचे डोळे भरले होते.

"मामा, हळू बोल ना," ती पुटपुटली.

आणि ते पुटपुटणं मला ऐकू आलं.