इंदुताईंची रविवारची चित्रं

आमच्या गल्लीतल्या इंदुताई मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. आता दर रविवारी चर्चच्या ओसरीवर त्या वस्तीतल्या दहाबारा मुलांना बायबलच्या गोष्टी सांगतात. वाचता जेमतेम येतं, म्हणून त्यांना चित्रं लागतात. जुना चित्रांचा गुंडाळा वाळवीनं खाल्ला, तेव्हा त्यांनी पेटीतून पत्त्यांचा एक डबा काढला. मोहर्लीला वाघ बघायला आलेली एक परदेशी बाई तापानं चार दिवस त्यांच्या वॉर्डात होती. जाताना तिनं तो दिला होता. एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईनं कर्णा फुंकणाऱ्या देवदूताचं चित्र दाखवून हात जोडले, एवढंच.

इंदुताईंना त्या चित्रांत सगळं ओळखीचं दिसलं. कर्णा वाजतोय आणि मेलेले कबरीतून हात पसरून उठताहेत. आदाम-हव्वा, मागे झाडाला सर्प. एका पत्त्याच्या चार कोपऱ्यांत माणूस, गरुड, बैल आणि सिंह, म्हणजे शुभवर्तमानं, येशूची चरित्रं, लिहिणारे चौघे. उलटा टांगलेला तो पेत्र, उलट्या क्रुसावर मेलेला येशूचा शिष्य. तीन वर्षं मुलं यावरच शिकली.

पत्त्यांचे कोपरे फुगू लागले, तेव्हा लॅमिनेशनसाठी त्या नाहीदच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. शाळेच्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला मीही तिथेच होतो.

"ताई, हे तं टॅरो हाय," नाहीद म्हणाली. "भविष्य पाहाचे पत्ते. मोबाईलवर रोज येते."

"भविष्य?"

"हो. लग्न कधी होते, ते इचाराचं. माह्यं तं दोनदा निघालं."

इंदुताई हसल्या नाहीत. भविष्य विचारणं त्यांच्या धर्मात पाप. आता वर्ग आपल्याकडे राहत नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं. पत्ते पदरात बांधून त्या तशाच परतल्या.

रविवारी उपासनेनंतर त्यांनी डबा चर्चच्या पाळकसाहेबांपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सोबत मला नेलं होतं. पाळक तरुण, नागपुरात शिकलेले. एकेक पत्ता पाहत राहिले.

"तुम्ही यांना कधी काही विचारलंत?"

"मी काय इचारू? चौऱ्याहत्तर झाले. माह्यं भविष्य तं होऊन गेलं."

ते हसले. मग सैतानाचा पत्ता उचलून त्यांनी ओसरीवर बसलेल्या, वर्गातल्या नऊ वर्षांच्या दिव्यानीला विचारलं, "हे काय गं?"

"सैतानानं दोघाईले साखळीनं बांधलं. पण साखळी गळ्यात ढिली हाय. काढतो म्हटलं तं निघते." जरा थांबून ती म्हणाली, "मी हा घरी नेऊन बाबाले दाखवला. ते पिऊन आले होते तव्हा."

"मग?"

"झोपले. सकाळी म्हणे, आण तो फोटो. लय वेळ पाहात बसले."

पाळकसाहेबांनी पत्ता खाली ठेवला. "चित्रं आपल्याच पुस्तकातली आहेत, ताई. उद्याचं विचारायचं नाही, एवढंच. वर्ग तुमचाच."

घरी येताना इंदुताई म्हणाल्या, "गुरुजी, त्या बाईचं नावही मले माईत नाई. पण आज तिच्यासाठी प्रार्थना करतो."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दुकानात. पत्त्यांखालची इंग्रजी नावं कापून मग लॅमिनेशन करायचं होतं. पोरं आता इंग्रजी वाचू लागली होती. नाहीद कटरनं पट्ट्या कापत गेली आणि देवदूताच्या पत्त्यावर थांबली.

"ताई, हा आमच्या मुसलमानांतही हाय. इस्राफील. कयामतीच्या दिवसासाठी कर्णा घेऊन उभा राह्यते."

"मंग हा नीट काप, बाई," इंदुताई म्हणाल्या.