बाळारामची खोडलेली ओळ

शिळफाट्यावर पेंढ्याचा टेंपो उभा होता. मी पेपर घ्यायला गेलो होतो. टेंपोवाला कडावचा, तोंडओळखीचा. दोर आवळता आवळता म्हणाला, "मास्तर, तुमचा तो झीलकरी गेला. चार दिस झालं." मी कोण म्हणून विचारलं नाही. तोच पुढं म्हणाला, "नाव काय वो त्याचं? आमी आपलं झीलकरी झीलकरीच म्हनायचो." मी सांगितलं, "बाळाराम." ते नाव माझ्या तोंडून किती वर्षांनी मोठ्यानं निघालं कोण जाणे... पेपर तसाच दुकानाच्या फळीवर विसरून मी घरी आलो. त्याला आता दीड महिना झाला.

शाहीर विश्राम खालापूरकरांबद्दल आपल्या भागात कुणाला सांगावं लागणार नाही. त्यांच्या तबकड्या लग्नाच्या मांडवातून वाजल्या, खालापुरात त्यांच्या नावाचा चौक झाला, आणि त्या चौकाच्या पाटीमागची समिती माझ्याच सहीनं चालते. मी शाळामास्तर. पार्टीची, म्हणजे शाहिरांच्या गाणाऱ्या मंडळींची, गाणी उतरवून ठेवण्याची वही पहिल्यापासून माझ्याकडे. शाहिरांवर मी आजवर पाच-सहा लेख लिहिले. त्यातल्या एकाही लेखात बाळारामचं नाव नाही. ही चूक विसरल्यामुळे झालेली नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभा राहून ध्रुपद उचलणारा. शाहिरानं ओळ टाकायची, यानं कानावर हात ठेवून 'जी जी रं' असं लांबवायचं. जत्रेत दोन शाहिरांचा सामना लागला की एकानं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याच चालीत तिथल्या तिथं जवाब द्यायचा. आमचे शाहीर दिसायला देखणे, आवाज असा की दोन शेतांपलीकडे जावा. पण जवाब त्यांना सुचत नसे. तो बाळारामला सुचे. बाळाराम शाहिरांच्या डाव्या खांद्याशी उभा राही. बाकीचे झील लांबवत तेवढ्या अवधीत तो कानावरच्या हाताआडून पुढची ओळ शाहिरांना सांगे. लोकांना वाटे, हा सूर धरतोय. झिलीच्या एका दमात तो माणूस दोन ओळी बांधत असे, यमकासकट. मी मंचाखाली बसून लिहीत असे, आणि पुष्कळदा शाहिरांच्या आधी ओळ मलाच ऐकू येई.

एकदा खालापूरच्या बाजूला दुपारच्या सामन्यात पलीकडच्या शाहिरानं हे हेरलं. गाणं थांबवून मोठ्यानं म्हणाला, "काय हो खालापूरकर, तुमचा झीलकरी कानात घास भरवतो काय?" लोक खदाखदा हसले. शाहिरांचा चेहरा उतरला. बाळारामनं मात्र कानावरचा हात हलवलासुद्धा नाही. पुढच्या क्षणी शाहीर गर्जले, "भरवतो तर खरं, पाव्हणं! तुमी कवाधरनं उपाशी गाताय त्ये बगा आदी!" टोप्या उडाल्या. आपली चोरी पकडली गेली, तीही बाळारामनंच सावरली. परतताना मी त्याला म्हटलं, "तू पुढं का येत नाहीस रे?" तो म्हणाला, "माजा आवाज म्हंजी सुका पेंढा, मास्तर. त्यांच्या तोंडात ग्वाड लागतं. आपलं मागं बरं हाय." ते तो मनापासून म्हणाला होता. पुढं मी माझ्या मनापुढं याच वाक्याची किती वेळा ढाल केली...

चंद्री ही त्याची एकुलती लेक. चार वर्षांची असताना श्रावणात तिला ताप भरला. बाळाराम तिला खांद्यावर घेऊन कर्जतच्या डॉक्टरकडे निघाला, तर पेज नदीला पूर. साकव वाहून गेलेला. पलीकडे जाता येईना, आणि पाणी उतरेल म्हणून घरीही फिरवेना. तो तसाच काठावर उभा राहिला. पाणी उतरलं तेव्हा पोर राहिली नव्हती. पुढं दोन महिने तो पार्टीत आला नाही. एका दुपारी, मुलं घरी गेल्यावर, शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, येक बांधलंय. फडावर गायचं नाय हां. निस्तं लिवून ठेवा. मला लिवता येत नाय. उद्या मी इसरलो तर?" आणि त्या सुक्या आवाजात त्यानं चंद्रीचं गाणं म्हटलं. चौदा कडवी. शेवटच्या कडव्यात गाणं बांधणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं अशी आमच्यात रीत. इतकी वर्षं त्या जागी तो 'विश्राम' गुंफत आला होता. त्या दिवशी प्रथमच त्यानं गुंफलं, 'बाळाराम सांगे'. आणि त्याच्या खालच्या ओळीत कडाव होतं, पेज नदी होती, पोर होती. इतकंच मला आता सांगता येतं.

मी ते गाणं शाहिरांना दाखवलं. मागितलं नव्हतं कुणी. इतकं चांगलं गाणं वहीत कसं पडू द्यायचं, हा माझा मास्तरी उत्साह. शाहिरांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "मुंबईच्या तबकडीवाल्यांना हेच द्यायचं. फक्त ते श्येवटचं बदला. बाळ्याला कोन वळखतं? आन् मी खालापूरचा मानूस, मी कडावचं आन् पेजंचं कशापायी गाऊ?" मी बाळारामला विचारू म्हटलं. शाहीर म्हणाले, "मी इचारीन त्याला." त्यांनी विचारलं नाही, आणि ते मला ठाऊक होतं. मी त्याच बैठकीत 'बाळाराम सांगे' खोडून 'विश्राम सांगे हो' केलं. खालची ओळ पूर्ण काढली आणि माझी घातली, 'चंद्रीविना सुने माझे अंगण हो.' मात्रा एक हलली नाही. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. जुन्या ओळीवर मी दौतीतली शाई अशी फिरवली की कुणाला काही वाचता येऊ नये.

तबकडी गाजली. लोक समजले की लेक शाहिरांचीच गेली. शाहिरांनीही ते खोडून काढलं नाही. पुढं पुढं तर माझ्या त्या ओळीवर ते उपरण्यानं डोळे टिपू लागले. आणि त्यांच्या डाव्या खांद्याशी, कानावर हात ठेवून, बाळाराम आपल्याच पोरीच्या गाण्याची झील धरून उभा असे. वर्षानुवर्षं. तो सोडून का गेला नाही, असं लोक आता मला विचारतील. मी एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला, "तितं तिचं नाव निगतं, मास्तर. घरात कोन काडतं?"

शाहीर वारले. पार्टी मोडली. त्यानंतर काही वर्षांनी बाळाराम माझ्याकडे खोपोलीला आला. थकला होता. बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "मास्तर, तुमचीच वळ तोंडात बसली वो. इतकी वर्सं तिच्यावर झील धरली, आता माजी सापडंना. रातंदिस हुडकतोय. तेवडी वहीतनं वाचून दावा." ओळ मी बदलली हे त्याला ठाऊक होतं, जुनी शाईखाली गेली हे नव्हतं. वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. काळा डाग कुठल्या पानावर आहे तेही मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "वही जरा वर ठेवलीय रे. शोधून देतो." तो हसला. "सावकास द्या. हाय न्हवं, मग झालं."

हाय न्हवं, मग झालं... तो पुन्हा आला, पुन्हा आला. कधी शेंगा घेऊन, कधी नुसताच. मी कधी म्हणालो घराला रंग चाललाय, कधी म्हणालो वही समितीकडे आहे. शेवटचा भेटला तो चौकाच्या पाटीच्या दिवशी. मी भाषण करून खाली उतरलो, तर तो गर्दीच्या कडेला उभा. गळ्यातल्या हारासकट मी त्याच्यासमोर. त्यानं वहीचं नावसुद्धा काढलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात नक्की." तो म्हणाला, "व्हय."

टेंपोवाल्यानं सांगितल्यावर आठ दिवसांनी मी वही घेऊन कडावला गेलो. बाळारामची बायको, सखूवहिनी, ओट्यावर बसली होती. मला बघताच म्हणाली, "घावली का वही? श्येवटपत्तुर त्येच इचारत व्हते. मास्तर आनतील, मास्तर आनतील." मी तिला पान उघडून दाखवलं. तिला अक्षर येत नाही, पण डाग कुणालाही कळतो. मग मी सगळं सांगितलं. कुणी खोडलं, कधी, आणि त्याला इतकी वर्षं काय सांगत राहिलो ते. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला परत येणं सोपं गेलं असतं. डागावरून बोट फिरवत म्हणाली, "खांद्यावर बसली म्हंजी चंद्री त्यांचा कान धरून बसायची. श्येवटी निजून असायचे तवा बी हात कानावरच. मी म्हनायची, कान दुकतो का? तर म्हनायचे, गप, वळ येतीया." मग तिनं मान वर केली. "मास्तर, तुमी त्यांना खोटं का सांगितलं? नाय म्हनून येकदा सांगितलं असतं, तर त्यांनी दुसरी बांधली असती. त्यांना कितीसा येळ लागत व्हता?"

झिलीचा एक दम. तेवढाच वेळ लागला असता. ते या जगात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वही आता माझ्या टेबलावर उघडी असते. सकाळी ऊन आलं की ते पान उचलून उजेडासमोर धरतो. मागून बघतो, तिरकं धरून बघतो. त्या ओळीत कान होता का, खांदा होता का... शाई माझीच, हातही माझाच, आणि त्यातून एक अक्षर पलीकडे दिसत नाही. चंद्रीचं गाणं विश्राम खालापूरकरांचं नाही, ते बाळारामचं आहे, आणि ज्या ओळीवर आपण सगळे रडलात ती माझी, खोटी ओळ आहे. यापुढं कुणी ते गाणं छापलं किंवा म्हटलं तर शेवट असा करावा, आणि दुसऱ्या ओळीला झीलसुद्धा धरू नये, गप्प राहावं :

बाळाराम सांगे, ऐका सभाजन हो,
. . . . . . . . . . . . . . . . . . . . .