धारेच्या वेळेची ग्रामसभा

आमच्या गावाच्या वेशीबाहेर गॅसवर वीज करणारा प्रकल्प आहे. दिवसभर तो गप्प असतो. उन्हाळ्यात दिवेलागणीला शहरातले एसी एकदम लागले, वीज कमी पडू लागली, की तेवढ्यापुरता चालू करतात. आधी बारीक शिट्टी चढत जाते, मग गोठ्याचे पत्रे थरथरतात. नेमकी तीच आमची धारेची वेळ. गाय बावचळते, पान्हा चोरते. आई कासेला हात लावून बसून राहायची, बादलीचा तळही झाकत नसे.

मी पत्रकं लिहिली, न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवर वाटली. मग प्रकल्पाचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. कधी? भर दुपारी, प्रकल्प बंद असताना! रवंथ करणाऱ्या गाईपुढं यंत्र धरलं, हसले आणि आईला म्हणाले, "मावशी, गाय म्हातारी झाली असेल तुमची."

दुसऱ्या वेताची गाय, आणि म्हातारी? आईनं मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेचा सूड घ्यायचा, असं मी तिथंच ठरवलं. सूडच. दुसरा गुळमुळीत शब्द मला नको.

प्रकल्प वाढवायला साहेबांना ग्रामसभेचा ठराव हवा होता. सरपंच आमचे आप्पा, वडिलांचे चुलतभाऊ. मी त्यांना गाठलं.

"आप्पा, दिवसा समदी कांद्यात असत्यात. सभा सांजच्याला घ्या, आमच्या गोठ्यापुढं. जागा मोकळी हाय."

"तुझ्या डोक्यात काय शिजतंय गं?"

"साहेबांना चहा पाजायचाय."

आप्पा खूश.

सभेत साहेब खुर्चीवर बसून "आवाज नगण्य आहे" म्हणत होते, तेवढ्यात शिट्टी चढली. शहराची मागणी काय साहेबांना विचारून वाढते? त्यांचे नुसतेच ओठ हलू लागले. आई अख्ख्या गावासमोर धारेला बसली. गाईनं पाय झाडला आणि रिकामी बादली घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेली.

मागून कोणीतरी बोंबललं, "साहेब, यंत्र काढा की! आज घरी इसरलं व्हय?"

हशा पिकला. मी चहा आणला. कोरा. दुभत्या घरी पाहुण्याला कोरा चहा देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.

आप्पा कळवळून ओरडले, "आगं, दूध तरी घाल पोरी!"

"कुठलं घालू? तुमच्या पाहुण्यालाच इचारा!"

आप्पा दुकानातून पिशवीचं दूध आणायला उठले. आईनं त्यांची वाट अडवली.

"बसा भावजी. तसाच पिऊ द्या त्यांना."

साहेबांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मी समोरून हलले नाही. ठराव पडला.

जुना प्रकल्प अजून चालतो, गाय अजून पान्हा चोरते. पण शिट्टी चढली की आई आता प्रकल्पाकडं तोंड करून शिव्या घालते. त्यातल्या छापण्याजोग्या मी पत्रकात घेते.