ज्वालामुखीच्या गावातला वाडगा

रिटायर झाल्यावर अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिल गावची थंडी चुकवून आम्ही नवरा-बायको हवाईला गेलो. तिथं ज्वालामुखीच्या डोंगरावर, जंगलात एक चिमुकलं गाव आहे. त्यात घर भाड्यानं घेतलं होतं. हिनं बॅगेत बेसनाचे लाडू नि दाण्याची चटणी कोंबली होती. "लाव्हा बघायला चाललोय की डोहाळजेवणाला?" म्हणून मी चिडलोही होतो.

पहिल्याच सकाळी शेजारच्या आजीबाई लाकडी वाडग्यातून पपई घेऊन आल्या. दारात चपला काढून आत आल्या, तिथंच हिनं त्यांना आपलं मानून टाकलं. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून वाडग्यात लाडू गेले. संध्याकाळी वाडगा पुन्हा आमच्या दारात, उकडलेली रताळी घेऊन. मग चटणी गेली. त्यांच्याकडेही रिकामं भांडं परत देत नाहीत, हे कळेपर्यंत आमची बॅग रिकामी झाली होती.

"अगं, पुरे आता!" मी म्हणालो.

"मग तुम्ही नेऊन द्या रिकामा," ही म्हणाली. माझी काही हिंमत झाली नाही.

निघताना आम्ही गाडीत बसलो, तर आजीबाई लगबगीनं आल्या आणि बनाना ब्रेडनं भरलेला वाडगा हिच्या मांडीवर ठेवून गेल्या.

ढगांमुळे लाव्हा दिसलाच नाही. वाडगा मात्र आता नेपरव्हिलला आमच्या ओट्यावर आहे. पोस्टानं पाठवू म्हटलं, तर ही म्हणाली, "रिकामा?"

काल तिकिटं काढली. आज बेसन मीच भाजतोय.