सुकी माशी आणि काळा मणी

त्या दिवशी परदेशातल्या त्या एनिस गावात पाऊस होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. कुणीतरी वर बसून ओलं फडकं झटकत असावं, तसं चाललं होतं. तिकडची माणसं त्याला पाऊस म्हणत नाहीत. छान दिवस म्हणतात!

अशा छान दिवशी, नदीकाठी, मी जी माती खाल्ली ती आजवर कुणाला सांगितली नाही. तुम्ही चहा घ्या. मला सांगायला वेळ लागतो.

मी पटवेकरी. सराफाच्या पायरीवर बसून मंगळसूत्रं, बोरमाळा रेशमात गाठवून देणारा. शाळा दुसरीपर्यंत. चाळीस वर्षं पुण्यात हेच केलं. पुढे दागिने साखळीतच यायला लागले. गाठवतंय कोण? पायरी सुटली, तेव्हा २०१७ साली मुलाने तीन महिने तिकडे नेलं. तो आणि सून मधुरा दिवसभर कामावर. मी खिडकीत. कुंडीसारखा.

शेजारी मायकल. माझ्याच वयाचा, एकटा. परसातल्या खोपटात बसून तो गळावर माश्या बांधायचा. खऱ्या नव्हे हो! टेबलाला चिमटा, चिमट्यात एवढासा गळ, त्यावर दोरा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं, की झाली माशी. ट्राउट मासा फसतो म्हणे.

पण मायकलचे हात कापायचे. दोरा सारखा सुटायचा. एक दिवस मला राहवलं नाही. मी दोऱ्याला मेण लावलं, चार वेढे दिले आणि गाठ बसवली. मायकल बघतच राहिला! त्या दिवसापासून मी रोज खोपटात. त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. सांगतो, इतकं बोलणं माझं पुण्यातही कुणाशी झालं नव्हतं.

मायकलच्या तोंडून ऐकलेलं मधुराला विचारलं, "ड्राय फ्लाय म्हणजे काय गं?"

"सुकी माशी, बाबा," ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

मी समजलो, कोरडी ठेवायची असते.

एकदा मायकलने पत्र्याची डबी उघडून दाखवली. आत सात जुन्या माश्या. दोरे पार उसवलेले, पिसं झडलेली. माझा जीव कळवळला. जुना दोरा कापायचा आणि नव्यात गाठवायचं, हा आमचा धर्म! मी दोन बोटांची कात्री करून विचारलं, "कापू? नवीन?"

तो हसला. म्हणाला, "आह, यू आर ग्रँड."

ग्रँड! म्हणजे मोठा माणूस! एवढं इंग्रजी मलाही कळतं. चाळीस वर्षांत एकाही सराफाने मला असं म्हटलं नव्हतं.

तो दोन दिवस मुलीकडे गेला आणि मी कामाला बसलो. सातही माश्या सोडवल्या, जुना दोरा, पिसं कचऱ्यात, सगळं नवं बांधलं. अशा देखण्या झाल्या की वाटलं, दृष्ट लागेल. मग प्रत्येकीच्या पोटाखाली एकेक काळा मणी ओवला. डबी होती तिथे ठेवून दिली.

मासेमारीचा हंगाम संपायचा तो शेवटचा दिवस. शनिवार, म्हणून मधुराही आली. मायकलने न बघताच चाचपून एक माशी काढली, दोरीला लावली, झोकात फेकली.

डुबुक.

दुसरी. डुबुक.

मी टाळी वाजवली! गळ बुडणारच की. बुडत नाही तो गळ कसला?

मायकलने डबी डोळ्यांशी नेली. एकेक मणी बोटाने उलटून बघितला. मग मधुराशी हळू आवाजात काहीतरी बोलला. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, सुकी माशी पाण्यावर तरंगते. बुडवायची नसतेच ती."

"मग मणी काढतो! त्यात काय?"

"त्या माश्या त्यांच्या बायकोने बांधल्या होत्या. ती गेली. दर वर्षी शेवटच्या दिवशी त्यातली एक पाण्यावर सोडायचे. जुने दोरे कुठायत, विचारतायत."

"कचऱ्याच्या डब्यात."

"डबा काल गेला, बाबा."

"अगं, पण मी विचारलं होतं! तोच म्हणाला, यू आर ग्रँड!"

मधुराने कपाळाला हात लावला. "इथे त्याचा अर्थ 'नको, राहू द्या' असा होतो हो!"

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांची मंगळसूत्रं जपली मी. आणि शेवटी काय सोडवून टाकलं?

दुसऱ्या दिवशी चिमटा, मेण, दोरा घेऊन मी त्याच्या दारात उभा. खुणेनेच म्हटलं, मणी काढतो, पुन्हा बांधतो, तू सांगशील तशा. मायकलने कापऱ्या हाताने माझे दोन्ही हात धरले, हळूच खाली केले आणि म्हणाला,

"यू आर ग्रँड, बाबा. यू आर ग्रँड."