एका माणसापुरती हवा

सकाळी सव्वानऊ झाले की आमच्या अंगणात पंपाचा आवाज सुरू व्हायचा आणि माझं डोकं उठायचं. खालच्या खोलीतले भाडेकरू श्यामराव ऑफिसला निघण्याआधी मोटरसायकलच्या मागच्या चाकात हवा भरायचे. एक-दोन दिवस नाही, चार वर्षं. रायपूरच्या चौबे कॉलोनीत एवढी घरं, पण असला छंद पाळणारा भाडेकरू नेमका माझ्याच नशिबी आला होता.

श्यामराव पांढुर्ण्याचे. पांढुर्णा मध्य प्रदेशात, नागपूरच्या पलीकडे, पण बोली सगळी आपलीच. तिथं त्यांची बायको शांताबाई सरकारी शाळेत शिकवायची आणि एकुलती एक मुलगी सोनिया तिच्याजवळ असायची. हे इथं एका सरकारी खात्यात बाबू. तीन वर्षांसाठी म्हणून रायपूरला बदलीवर आले आणि मधेच राज्याचे दोन तुकडे झाले. कोणाला कुठल्या राज्यात राहायचंय ते विचारायला फॉर्म आले, ह्यांनी ठळक अक्षरात मध्य प्रदेश लिहिलं. यादी लागली तेव्हा नाव छत्तीसगडात. सोनिया तेव्हा चौथीत होती.

शांताबाईची नोकरी तिकडच्या राज्याची, ती सोडून इकडं येणं शक्य नव्हतं. राहिला एकच मार्ग, आपसी तबादला. म्हणजे तिकडे अडकलेला कुणी इकडं यायला तयार असेल तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. श्यामरावांनी असा माणूस शोधायला जेवढा जीव टाकला, तेवढा बाप मुलीसाठी स्थळ शोधतानाही टाकत नसतील. कुणाचा साडू बैतूलला, कुणाचा मेहुणा छिंदवाड्याला. कळलं की निघाले भेटायला. असंच एकदा शहराबाहेर कारखान्यांच्या भागात, उरल्याला, कुणाच्या तरी भावाकडे गेले. तिथं रोलिंग मिलच्या रस्त्यावर लोखंडाचं काय काय पडलेलं असतं. बोलणं फिसकटलं, आणि टायरमध्ये एक बारीक तार घेऊन श्यामराव परत आले.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या नत्थूनं चाक उघडून सांगितलं, "तार तो निकाल दिया भैया, पर टायर घिस गया है, ट्यूब में भी जान नहीं. दोनों बदल दो, नहीं तो हवा ऐसे ही धीरे-धीरे जाएगी."

"हव, बदलेंगे," म्हणाले आणि तसेच घरी आले.

मी म्हटलं, "काहून हो श्यामराव, बदलून का नाही टाकत एकदाचं?"

"आता कायले बदलू वहिनी? दोन-तीन महिन्यांत जाऊनच तं राहिलो. नवं टाकाचंच आहे तं पांढुर्ण्याले टाकू."

त्या माणसाचं सगळंच असं होतं. मी जुनं कपाट देऊ केलं, तर जाताना कोण उचलेल म्हणून नको म्हणाले. कपडे बॅगेतच. ताट एक, वाटी एक. आणि दर दुसऱ्या शनिवारी रेल्वे पकडून घरी जायचं, रविवारी रात्री निघून परत यायचं. मला त्यांचा संताप यायचा. अहो, जायचं तेव्हा जाल, तोवर माणसासारखं राहायला काय होतं? पण बोलून उपयोग नव्हता. पंपाचे चाळीस झटके मारले की ऑफिसला जाऊन परत येण्याइतकी हवा टिकते, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं आणि त्यातच ते खूश होते.

सोनिया बारावीला गेली. त्यांना एकच ध्यास, पोरगी घरात आहे तोवर आपण घरी पोचायचं. त्या वर्षी बैतूलचा एक जण अगदी सही करायला आला आणि बायको नको म्हणते म्हणून मागे फिरला. मग सोनियाचा इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली. पांढुर्ण्याहून नागपूर दोन तासांवर. पण ह्यांनी फोनवर हट्ट धरून तिला केंद्र म्हणून रायपूर लिहायला लावलं.

मी म्हटलं, "पोरीले एवढ्या दूर काहून दमवता?"

"एक डाव तं मी सोडून देईन न वहिनी तिले परीक्षेले," ते म्हणाले. "बाकी पोरायचे बाप सोडतेत."



ती आली. उंच, शांत, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः भरून घेणारी पोट्टी. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. बापाच्या खोलीत ती पहिल्यांदाच आली होती. एकच ताट पाहिलं तिनं, आणि वर येऊन माझ्याकडून एक ताट मागून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाचा आवाज जरा जास्तच वेळ चालला. मी गॅलरीतून ओरडले, "ऑटो करा न आज!"

"काही नाही होत वहिनी. दोघं आहो म्हणून साठ झटके मारले," ते हसून म्हणाले. नवा शर्ट घातला होता. सोनिया मागे बसली, फाटकातून गाडी वळली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या सीटवर चार वर्षांत मी कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. शंकर नगरच्या अलीकडे गाडी डगमगायला लागली. परीक्षेचं केंद्र असलेली शाळा अजून दीड किलोमीटर, गेट बंद व्हायला पंधरा मिनिटं. पंप सोबत होताच. रस्त्याच्या कडेला गाडी लावून ह्यांनी झटके मारायला सुरुवात केली. पण त्या मरायला टेकलेल्या ट्यूबला सवय एका माणसाची. दोघांचा भार आणि वीस झटके जास्त, ती पार उसवली होती. इकडून हवा भरायची, तिकडून फुस्स. घाम पुसत हे आणखी जोर लावताहेत आणि सोनिया प्रवेशपत्र हातात धरून उभी.

"पापा, रहने दो," ती म्हणाली. "मैं चली जाऊँगी."

तिनं हात केला, ऑटो थांबला, ती बसली. ऑटोवाल्याला शाळेचं नाव सांगितलं, पुढं कुठे वळायचं तेही सांगितलं. आदल्या रात्रीच तिनं माझ्या नवऱ्याला रस्ता विचारून ठेवला होता. ती वेळेत पोचली. हे गाडी ढकलत गेले तोवर गेट बंद झालं होतं. तीन तास उन्हात बाहेर बसून राहिले.

"चिडली असंन न पोट्टी?" मी विचारलं.

"चिडली असती तं बरं झालं असतं वहिनी," ते म्हणाले. "काहीच नाही म्हणलं. घड्याळ पाह्यलं अन् ऑटोले हात केला. तिले सवयच आहे. शाळा, क्लास, दवाखाना, सारं तिनं असंच केलं. मी नाही पोचणार हे तिले माहीतच होतं जी, म्हणून तं रस्ता इचारून ठेवला." मी चहा ठेवला, तो त्यांनी तसाच थंड होऊ दिला.

पेपर तिला चांगला गेला होता. जुलैत पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं. श्यामराव रजा काढून तिला हॉस्टेलला पोचवायला गेले, पण तिथंही मायलेकींनी सगळी धावपळ आपसांत वाटून घेतली आणि ह्यांच्याकडे बॅगा सांभाळायचं काम आलं, असं शांताबाईच मला फोनवर म्हणाली. ती बिचारी कौतुकानं सांगत होती.

परत आल्यावर दोन दिवसांनी पाहते तर मागच्या चाकाला नवा कोरा टायर. माझ्या जिभेला कधी लगाम नाही. मी गॅलरीतूनच म्हटलं, "अरे वा! बदलीची ऑर्डर आली वाटतं श्यामराव! गाडी सजवून नेता का काय पांढुर्ण्याले?"

ते फडक्यानं सीट पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "नाही वहिनी. तबादल्यासाठी माणूस पाहनंच सोडलं. शांता म्हणते, पोट्टीच घरी नाही, आता धावपळ कोनासाठी? रिटायर झाल्यावरच घरी या." मग फडकं झटकलं आणि म्हणाले, "आता गाडी इथंच चालवाची आहे न, म्हणून बदलून टाकला."

चार वर्षं मी ह्याच टायरसाठी त्यांच्या मागे लागले होते. आता वाटलं, जाऊन तो काढून फेकावा आणि त्यांच्या हातात पुन्हा तो पंप द्यावा.