माझ्या सन्मानाचा खड्डा

देशासाठी खेळलेल्या माणसाचं नाव त्याच्या गावात कायमचं कोरलं जातं. हे वाक्य मी बऱ्याच सत्कारांत ऐकलं आहे आणि माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरल्यामुळे मला तक्रारीला जागा नाही.

मी रग्बी खेळलो. भारताकडून एकच सामना, परदेशात, बदली खेळाडू म्हणून, शेवटची अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत चेंडू माझ्या हातात दोनदा आला, त्यातला एकदा माझ्या इच्छेने. आपण हरलो. माझ्यामुळे नव्हे, मी उतरलो तेव्हा ते काम जवळजवळ आटोपलं होतं.

खेळाची सुरुवात जालन्याला झाली. मी कॉलेजात होतो आणि सुट्ट्यांमध्ये एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात पोती उचलायचो. कॉलेजला रग्बीचा संघ पाठवायचा होता आणि पंधरा मुलं भरत नव्हती. क्रीडाशिक्षकांनी माझे खांदे पाहिले.

"पळता येतं का?"

"जास्त न्हाई, सर."

"मंग पुढच्या रांगेत उभा राह्य. तिथं नुसतं ढकलायचं असतं."

माझ्या कारकिर्दीला याहून मोठं तत्त्वज्ञान पुढेही कधी लागलं नाही. पोतं आणि स्क्रममधला, म्हणजे डोकी खाली घालून दोन्ही संघ एकमेकांना रेटतात तेव्हाचा, समोरचा गडी यात फरक एवढाच, की पोतं उलट ढकलत नाही. पुढची सात-आठ वर्षं मी ढकलत राहिलो. जिल्हा, विद्यापीठ, राज्य, शिबिरं, आणि शेवटी ती अकरा मिनिटं. या प्रवासात डावा कान चेमटला तो कायमचा. आई म्हणाली, "जाऊ दे. त्या कानानं तू तसाबी ऐकत न्हवतास."

मग मी गावी परतलो आणि आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक झालो. गाव वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेला लागून. सत्कार होत राहिले. पहिलं स्मृतिचिन्ह जालन्यातल्या मस्तगडच्या दुकानातून आलं, त्यावर सोनेरी फलंदाज आहे. रग्बीवाला मिळत नाही. आमचं घर बौद्ध. देवापुढे नारळ फोडायचा प्रश्न नाही, त्यामुळे सत्कारातले सगळे नारळ थेट चटणीत जातात. "अजून दोन मॅच खेळला असतास तं तेल काढून आणलं असतं," असं आई म्हणते.

शाळेत मी मुलींचा संघ उभा केला. मुलांना क्रिकेट सोडवत नव्हतं. मुली बघता बघता माझ्यापेक्षा बऱ्या खेळू लागल्या, म्हणजे पळू लागल्या. मैदान एकच, लांबीला जेमतेम पुरणारं. बाकी सगळीकडे कापूस.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात उपसरपंच घरी आले.

"सर, तुमच्या नावानं पक्कं व्यासपीठ बांधायलोत. शाळंच्या मैदानावर, हायवेच्या बाजूनं."

"मैदानावर कशाला?"

"खेळाडूचं व्यासपीठ मैदानावर न्हाई तं काय दवाखान्यात बांधायचं? शिवाय रस्त्यावरून दिसतं."

मी त्यांना समजावलं. रग्बीत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवावा लागतो. ती पलीकडची जमीनच व्यासपीठाखाली गेली, तर मुलींना खेळताच येणार नाही. म्हणजे सत्कार करायला जागा होईल, पण सत्कार करण्यासारखं पुढे कोणी काही करणार नाही.

"पोरी काय, कुठंबी खेळतील," उपसरपंच म्हणाले. संघाची कॅप्टन त्यांची सख्खी पुतणी होती. तिला खेळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी स्पष्ट नको म्हणून पाहिलं. पण आमच्याकडे सन्मान नाकारायची सोय नाही. नको म्हटलं की लोक त्याला नम्रता समजतात आणि व्यासपीठ दोन फुटांनी वाढवतात.

भूमिपूजन दहाला होतं. आदल्या संध्याकाळीच शेवटच्या रेषेपलीकडे गुडघाभर खड्डा खणून तयार होता. सकाळी त्यात पाच विटा मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. मांडव भरला. मी फेटा बांधून बसलो. प्रमुख पाहुणे अंबडहून निघाले होते. अकराला ते अंबडहून निघाले होते. बारालाही फोन केला, तेव्हा ते अंबडहून निघालेच होते. पाहुण्यांशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही आणि जेवण कार्यक्रमानंतर असल्यामुळे कोणी घरी जात नाही. असं दोन्हीकडून अडकलेलं अख्खं गाव माझ्याकडे बघत बसलं होतं.

मुलींना स्वागतासाठी रांगेत उभं केलं होतं. कॅप्टन माझ्याजवळ आली.

"सर, उभं राहून राहून पाय आखडले. आपसातच एक मॅच घेऊ का?"

मी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि शिट्टी घेतली.

पहिली पाच मिनिटं गावाने करमणूक म्हणून पाहिलं. मग लोक खुर्च्या उचलून रेषेजवळ आले. एका म्हाताऱ्याने मला खेळ थांबवून विचारलं, "म्हंजी पळायचं म्होरं आन् चेंडू द्यायचा मागं?"

"हो, बाबा."

"मंग पळायचं कशाला?"

याचं उत्तर मला शिबिरातही कोणी दिलं नव्हतं. पण पाच मिनिटांनी तोच म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "म्होरं टाकला का फाऊल असतोय, गप बस, तुला कळत न्हाई."

तेवढ्यात कॅप्टनला चेंडू मिळाला. एकीला खांदा, दुसरीला हुलकावणी, आणि समोर कोणी नाही. ती हायवेच्या बाजूने सुटली, म्हणजे थेट माझ्या सन्मानाच्या दिशेने.

"अगं, खड्डा! खड्डा हाय!" उपसरपंच खुर्चीवर उभे राहून ओरडले.

ती वळली, पाय घसरला, आणि मागून दोघींनी तिला खाली पाडलं. चेंडू निसटला. मांडवातून हळहळ उठली. उपसरपंच तरातरा माझ्याकडे आले.

"सर, हे बराबर न्हाई. पोरीचा पॉइंट खड्ड्यामुळं गेला."

"खड्डा तुम्ही खणला, दादा."

ते खड्ड्याच्या काठापर्यंत गेले. मग वळून ओरडले, "कोण हाय रे तिकडं? फावडं आणा! बुजवा हा, जल्दी!"

ज्या दोघांनी खड्डा खणला होता, त्यांनीच विटा काढून तो बुजवला. माती बसेना, म्हणून इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले उपसरपंच स्वतः त्यावर नाचले. "आता पळ!" त्यांनी पुतणीला बजावलं. दहा मिनिटांनी तिने चेंडू बरोबर त्याच ओल्या मातीवर टेकवला आणि माझा आजवर कधी झाला नव्हता, एवढा जयजयकार तिचा झाला.

पाहुणे आले तेव्हा तीन मिनिटं उरली होती. गाडीसाठी कोणी बाजूला सरकलं नाही. सामना संपल्यावर त्यांनी विचारलं, "भूमिपूजन कुठं आहे?"

"पाण्याच्या टाकीजवळ, साहेब," उपसरपंच पापणी न हलवता म्हणाले. "जागा बदलली. मैदान लागतंय पोरींना."

घरी जाताना आई म्हणाली, "आज कळलं, इतकी वर्षं तू तिकडं काय करत व्हतास."

"काय?"

"ढकलाढकली. ती पोरगी खेळती."

मुली अजून तिथेच सराव करतात. बुजवलेल्या जागी गवत जरा जास्त येतं, एवढंच. व्यासपीठ पाण्याच्या टाकीजवळ झालं. त्याच्या दर्शनी भिंतीत काळी फरशी बसवली आहे आणि तिच्यावर माझं नाव कायमचं कोरलेलं आहे. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी पावसाळ्यात यावं. दिवाळीच्या सुमाराला वर सोयाबीन वाळत असतं आणि फरशीला पोती टेकलेली असतात, मग तूर, आणि उन्हाळ्यात जुनी लुगडी पसरून कुरडया घालतात, त्यांचे काठ फरशीवर लोंबतात. त्यातलं हिरवं लुगडं माझ्या आईचं आहे.